लिंबापाशी बसवा

१२ मार्च १९८७, गुरुवार

पेपरात आलं. लातूरच्या पेपरात, तिसऱ्या पानावर, फेट्यातल्या फोटोसकट. 'जनांचा पाणाड्या हरपला.' खाली बारीक अक्षरात — एकनिष्ठ पती, प्रेमळ पिता, नातीचे लाडके अज्जा. अण्णारावाने लिहून दिलं असणार. कचेरीत बसून बसून थोरल्या लेकाला असले शब्द फार सुचायला लागलेत.

एकनिष्ठ! मला विचारलं का कुणी?

आणि शेवटची ओळ. 'अखेरच्या क्षणीही त्यांच्या ओठांवर एकच शब्द होता — जन.'

होता. खोटं कशाला लिहू, मी उशाशीच बसले होते. लकव्याने तोंड वाकडं झालं, सहा दिवस जीभ उचलेना, आणि जे दोन-चार शब्द कसेबसे बाहेर पडले त्यातला पहिला — जन. लोक! एक्केचाळीस वर्षं ज्यांनी ह्यांना उन्हातान्हात हिंडवलं ते लोक. रत्नम्मा म्हणून मला हाक नाही, धाकटा विरूपाक्ष नाही, नात गंगाचं नाव नाही. जन.

ह्यांना जाऊन आठ दिवस झाले. माझ्या डोळ्याला पाणी नाही. शेजारची पारूबाई दिवसातून तीनदा येऊन बघून जाते, रडले का म्हणून. नाही रडले, पारूबाई. राग आलाय.

१३ मार्च

ही वही ह्यांच्या विहिरींची. मागची पानं कोरी होती, तिथे लिहिते आहे. पुढून ह्यांचं पाणी, मागून माझा जाळ.

हे पाणाड्या. तळहातावर नारळ उभा धरायचा आणि रान चालायचं. ज्या जागी नारळ आपसूक आडवा पडेल तिथे पाणी. मग तोच नारळ त्या जागी हातभर खाली पुरून ठेवायचा. ही खूण ह्यांची एकट्याची, दुसरा कुणी पाणाड्या असं करत नव्हता. खणणाऱ्याने आधी नारळ काढायचा, फोडून वाटायचा, मग कुदळ मारायची. तेवढीच दक्षिणा. पैसा घेतला नाही कधी.

ह्यांना अक्षर येत नव्हतं. मी मठाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून लिहायचं काम माझं. गाव, रानमालकाचं नाव, किती परसावर पाणी लागलं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, विहिरीची खोली त्याच मापाने सांगायची. देगलूर, सहा परस. हदगाव, नऊ परस. माहूरच्या डोंगराखाली तेरा परस — तिथले लोक देवीचा नारळ घेऊन आले होते बोलवायला. बहात्तरच्या दुष्काळात एका सालात एकसष्ट विहिरी. पानंच्या पानं भरली आहेत माझ्या अक्षरांनी.

सगळी वही आज पुन्हा चाळली. आमच्या रानाचं नाव कुठेही नाही.

गुरूची आण होती म्हणे. पाणाड्याने आपल्या रानात बघायचं नाही, बघितलं की हात जातो. विद्या जाते. लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला अभिमान वाटला होता. सोळा वर्षांची होते, कशाचाही अभिमान वाटायचा.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण आमच्या घरात म्हण नव्हती. आमच्या रानात खाली खरंच काळा पाषाण आहे.

१५ मार्च

आज गणाराधना झाली, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचं जेवण. मांडव भरून माणसं. देगलूरकडचा एक म्हातारा अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलत होता, माझ्या पाया पडला. "नीळ्ळ, पानी दावलं बाई तुमच्या मालकानं. माझ्या पोरांचं पोट त्या हिरीवर हाय." चांगला माणूस. त्याच्यावर राग नाही.

पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. ज्यांच्या ज्यांच्या विहिरी ह्या वहीत आहेत, ते सगळे आज आमच्या दारात बसून पाणी प्याले. ते पाणी धाकट्या सुनेने, सिंधुने, मठाच्या बारवेवरून आणलं होतं. दोन मैल जायचं, दोन मैल यायचं. कालपासून तिच्या सात खेपा झाल्या. एकाने तर उरलेल्या पाण्याने चूळ भरली आणि मांडवात टाकली.

अण्णाराव बोलायला उभा राहिला. "आप्पांना घर म्हणजे चार भिंती नव्हत्या. अखेरीला त्यांना जन आठवले." बायकांनी डोळ्याला पदर लावला. मी ताक ढवळत होते, ढवळतच राहिले. सिंधु माझ्याकडे बघत होती. पोरीच्या डोक्यावर चुंबळीचा वळ उठलाय, केस गेलेत तिथले.

१६ मार्च

शेवटचे सहा दिवस लिहून ठेवते. नंतर लोक सांगतील तेच खरं वाटायला लागेल.

उजवी बाजू गेली होती. तो नारळाचा हात. मी, विरूपाक्ष आणि गंगा आळीपाळीने बसायचो. चौथ्या दिवशी सगळा जीव एकवटून बोलले. "जन..." मग बराच वेळ काही नाही. मग "लिंबापाशी". मग "बसवा". घाम फुटला तेवढ्याने. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच क्रमाने. जन, लिंबापाशी, बसवा. आणि माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मी एखादं काम विसरले आहे.

विरूपाक्षालाच आधी उमगलं. आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर लिंग, अंगाला विभूती, बेलाची पानं. तो म्हणाला, "अव्वा, आप्पा जागा सांगायलेत. रानातल्या लिंबापाशी मला बसवा म्हनत्यात." अण्णाराव म्हणाला, आणि 'जन' म्हणजे गावाने मिळून बसवावं. मीही मान हलवली. मला तरी दुसरं काय कळणार?

आणखी एक करायचे. ओठ एकमेकांवर आपटून टुक-टुक-टुक-टुक असा आवाज काढायचे. गंगाचा हात धरून करायचे, माझ्याकडे बघून करायचे. अण्णाराव म्हणाला, जप चाललाय. मला वाटलं हुडहुडी भरलीय. मी घोंगडी घातली अंगावर. मान हलवून नको नको म्हणत होते तरी घातली.

खड्डा घेतला तर हातभर खाली नारळ निघाला! अख्खा, शेंडीसकट. सगळे थांबले. केवढा गलका. आप्पांनी स्वतःची जागा स्वतः आखून ठेवली होती, केवढा योगी माणूस! स्वामींनीसुद्धा हात जोडले. नारळ फोडून सगळ्यांना वाटला.

मी माझा तुकडा खाल्ला नाही. आपल्या रानात नारळ पुरायचा नाही म्हणून चाळीस वर्षं मला कोरडं ठेवलं, आणि पुरला तर कशासाठी — स्वतःला बसायला सावली पाहिजे म्हणून! बायकोला एका शब्दाने सांगितलं नाही.

१९ मार्च

सिंधु पहाटे चारला गेली, साडेआठला आली. बारवेला रांग.

२२ मार्च

राग काढताना खोटं होऊ नये. वाईट नव्हते हे.

बहात्तर साली बारवेच्या पायऱ्यांवरून घागरीसकट घसरले मी. कंबर मोडली ती कायमची वाकडी बसली. तेव्हापासून पंधरा वर्षं, गावात असले की हे जेवणानंतर तेलाची वाटी घेऊन यायचे. माझी कंबर चोळून द्यायचे. बायकांत हसू व्हायचं माझं. पुरुषमाणूस बायकोच्या कमरेला तेल लावतो! ह्यांना कशाची लाज नव्हती. चोळता चोळता दिवसभर कुणाच्या रानात पाणी दाखवलं ते सांगायचे.

मी एकदा म्हटलं, "तेल राहू द्या. एक हीर दाखवा. कंबर आपली आपण बरी होईल." हात थांबला ह्यांचा. मग पुन्हा चोळायला लागले.

परगावी पंगतीत वाढलेला लाडू खायचे नाहीत, धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचे. आधी पोरांसाठी, मग गंगासाठी. शाळेपर्यंत तिला खांद्यावर न्यायचे, दहा वर्षांची घोडी झाली तरी. प्रेमळ होते. देवमाणूस होते. देवमाणसाशी संसार करून बघा म्हणजे कळेल!

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली नाही.

विरूपाक्ष रानातल्या कोरड्या खड्ड्यापाशी जाऊन बसला होता. तो खड्डा त्यानेच तीन वर्षांपूर्वी खणला, लिंबापासून पंधरा पावलांवर. बापाला म्हणाला, आप्पा, तुम्ही दाखवू नका, नुसती मान हलवा. मी कुदळ मारतो, चुकत असलो तर खाकरा. हे बांधावर बसून राहिले. ना मान हलवली ना खाकरले. तिसऱ्या परसाला काळा पाषाण लागला. सुरुंग लावले. एक आधीच उडाला आणि विरूपाक्षाचा डावा कान गेला. अजून त्या बाजूने बोललं की त्याला कळत नाही, नुसता हसतो.

त्या दिवशी मी ह्यांना जे बोलले ते इथे लिहिणार नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. हे उठून गोठ्यात गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बोलवायला आलं आणि गेले, नारळ घेऊन.

४ एप्रिल

हदगावहून केरबा म्हणून एक जण आला. ह्यांना न्यायला! त्याला माहीतच नव्हतं. दारातून विचारतो, "आप्पा काय करून राहिले? बराय ना आता हात?"

सांगितलं. मटकन खाली बसला. मग म्हणाला, दिवाळीनंतर दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा हे त्याला म्हणाले, "हात गेला माझा, केरबा. नारळ उभाच राहत न्हाई तळव्यावर. दुसरा पाणाड्या बघ."

खरं आहे. दिवाळीनंतर ह्यांनी नारळ हातात घेतला नाही. मी तेव्हा म्हटलं, म्हातारपण. हातात नारळ नाही म्हणून चेहरा पडायला पाहिजे होता, तर उलट गालातल्या गालात हसत हिंडायचे. उदगीरला चार चकरा झाल्या. कशाला जाता विचारलं तर म्हणाले, चहा प्यायला. नऊ मैल चहा प्यायला!

केरबाला भाकरी वाढली. पाणी दिलं. पेला अर्धाच भरला मी, मग लाज वाटली आणि पूर्ण भरला.

११ एप्रिल

अण्णाराव लातूरहून टेम्पोत शिळा घेऊन आला. काळी, गुळगुळीत, माझ्या छातीइतकी उंच. वर ह्यांचं नाव, सिद्धेश्वर, जन्म-मृत्यूचं साल, आणि मधोमध वितीएवढ्या अक्षरात — जन. आखितीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, समाधीवर बसवायची आहे. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार आहेत.

"अव्वा, जिल्हा नवा हाय. पाच वर्षं व्हायलीत फक्त. उस्मानाबादला त्यांची मोठी मानसं हायत, लातूरला आपली पाहिजेत का न्हाई?"

माणसं पाहिजेत. चांगलंय. पूर्वी उस्मानाबादला जायला दिवस मोडायचा, आता दुपारपर्यंत लातूरला जाऊन परत येता येतं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. बारव होती तिथेच आहे.

शिळा अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आहे. भांडी घासायला बसलं की नेमकी समोर. जन, जन, जन. सवतीचं नाव कोरून दारात आणून ठेवावं तसं झालंय.

१६ एप्रिल

गंगा पडली. बारवेच्या पायऱ्यांवर. सिंधुबरोबर लहान कळशी घेऊन गेली होती, शाळेला सुट्टी म्हणून. ज्या पायरीवर मी पडले बहुतेक त्याच पायरीवर. कपाळ फुटलं, उदगीरला नेऊन पाच टाके घातले. रडली नाही. घरी आल्यावर विचारते कशी, "अज्जी, कळशी चेपली, आता काय करायचं?"

तिसरी पिढी. मी, मग सिंधु, आता ही. एकाच बारवेवर.

मी समाधीपाशी गेले नाही आज. गेले असते तर काय केलं असतं माहीत नाही.

२० एप्रिल

टँकर लागलेल्या गावांत सरकारी भूजलवाले फिरतायत. आज आमच्याकडे एक तरुण साहेब आला. नव्या जिल्ह्याचं नवं खातं, बूटही नवे. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरी लावल्या, डब्यातला काटा बघत सगळं रान पालथं घातलं. मी बांधावर उभी होते. ह्यांना असलं काही लागत नव्हतं.

दुपारी लिंबाखाली घाम पुसत म्हणाला, "आजी, तुमच्या रानात पाण्याची एकच शीर आहे. चार हात रुंद. दोन्ही अंगांना काळा दगड. सात-आठ परसांवर भरपूर पाणी लागेल, उन्हाळ्यात आटणार नाही."

"कुठं?"

त्याने बोट केलं. समाधीकडे.

जरा इकडे-तिकडे चालेल का, विरूपाक्षाने दोनदा विचारलं. चालणार नाही. त्याचा कोरडा खड्डा बघून साहेब म्हणाला, चुकलंच आहे तुमचं, पण थोडक्यात.

चाळीस वर्षांत लिंबाखाली कधी बसलेसुद्धा नाहीत हे. आणि बसायला जागा पाहिजे तर नेमकी तीच! आमच्या पाण्यावर मांडी घालून बसलेत.

२१ एप्रिल

बोलले मी. सगळ्यांदेखत.

"उठवा त्यांना. चार पावलं पलीकडं बसवा अन् हीर खणा."

विरूपाक्षाने चांगला कान माझ्याकडे केला, त्याला वाटलं चुकीचं ऐकलं. सांगावा गेला म्हणून अण्णाराव लातूरहून धावत आला. "अव्वा, तू शुद्धीवर हायस का? पेपरात आलंय, साहेब येनार हायत, अन् तू आप्पाला उकरून काढायला सांगायलीस? काय बेइज्जती व्हईल."

"तुझी व्हईल. माझी न्हाई. गंगाचं कपाळ बघितलंस का?"

"टँकर आनतो मी. रोज आनतो. वरपर्यंत ओळख हाय."

"किती वर्षं आनशील?"

विरूपाक्ष एवढंच म्हणाला, "माझ्या हातानं मी बापाला बसवलंय, अव्वा. माझ्याच हातानं कसं उठवू?"

२२ एप्रिल

कुणी बोलत नाही माझ्याशी. पारूबाईनेही विळी परत मागून नेली. एकटी सिंधु जवळ येऊन हळूच म्हणाली, "अव्वा, तुमी बरोबर हाव." आणि घागर उचलून गेली.

२५ एप्रिल

मठाचे स्वामी आले. अण्णारावाने आणले. समजावत होते, "अम्मा, लिंगैक्य झालेल्याला हलवू नये. ती बसलेली जागा मोडत नसतात."

मी म्हटलं, "स्वामीजी, आपण बसवतो ना मानसाला? आडवं करत न्हाई, जाळत न्हाई. मग बसलेल्या मानसाला जरा सरका म्हनायला काय झालं? आयुष्यभर दारात आलेल्या प्रत्येकाला सरकून जागा दिली त्यांनी. एकदा घरच्यांसाठी सरकू द्या."

स्वामींना हसू आलं, पण आवरलं त्यांनी. "त्यांनी स्वतः मागितलेली जागा हाय, अम्मा. अखेरचा शब्द. तो कसा मोडायचा?"

हेच तर खुपतं मला. अखेरचा शब्द. पाण्याचा एवढा जाणता माणूस, त्याला कळलं नसेल का तिथे काय आहे? सगळं कळून तिथे बसवा म्हणाले असतील तर? आम्हाला मिळू नये म्हणून? असं कसं असेल. पण मग दुसरं काय?

२८ एप्रिल

दुपारी एकटीच रानात गेले. पहार घेऊन. कंबर असली, मी काय खणणार, पण नेली.

भांडले. मोठ्याने. विचारलं, सहा दिवस जीभ वळत नव्हती, वळली तर लोकांची आठवण झाली होय? मी कोण होते? वही लिहिणारी? चाळीस वर्षं सगळ्यांची नावं माझ्याकडून लिहवून घेतली, स्वतःच्या बायकोचं एकदा तोंडातून निघालं नाही. तुम्ही प्रेमळ होता म्हणूनच जास्त राग येतो. वाईट असता तर केव्हाच विसरले असते.

दमले आणि तिथेच समाधीच्या ओट्याला टेकून बसले. माती गार होती. एवढ्या उन्हात, तीन वर्षं पाऊस नाही, आणि माती गार. हात ठेवला तो उचलवेना. तेलाच्या वाटीची आठवण झाली. पहार तिथेच राहिली.

परवा-तेरवावर आखिती आली. शिळा बसली की संपलं. मग कुणी हलवू देणार नाही.

३० एप्रिल

सकाळी उदगीरचा मलप्पा आला, इंजन दुरुस्त करणारा. बैलगाडीत ताडपत्रीखाली एक पाच हॉर्सचं डिझेल इंजन, जुनंच, पण हिरवा रंग देऊन नवं केलेलं. हे गेल्याचं त्याला माहीत होतं. इंजनाचं आम्हाला माहीत नाही हे माहीत नव्हतं. एक भाग सोलापूरहून यायला तीन महिने लागले म्हणून उशीर, असं सांगत होता.

"दिवाळीत आले आप्पा. माझ्या सासऱ्याची हीर त्यांनीच दावलेली, म्हनून हक्कानं आले. म्हनले, आपल्या रानात बघितलं मी, मलप्पा. आन मोडली. हात गेला, जाऊ दे. नारळ पुरून आलोय. उन्हाळ्यात हीर खनतो, तू इंजन तयार ठेव. अन् म्हातारीला कळू देऊ नको. चालू झाल्यावर आवाजावरनंच कळू दे तिला." मग अंगणात बघत म्हणाला, "कुठं, लिंबापाशीच बसवायचं ना?"

आम्ही सगळे त्या हिरव्या इंजनाकडे बघत राहिलो. मलप्पाला वाटलं इंजनावर विश्वास नाही. त्याने हँडल मारून दाखवलं. टुक-टुक-टुक-टुक.

गंगा म्हणाली, "अज्जी, अज्जा असंच करत व्हते."

घोंगडी घातली मी त्यांच्या अंगावर.

विरूपाक्ष कुदळ घेऊन निघाला. अण्णाराव मठाकडे गेला, स्वामींना स्वतः आणतो म्हणाला. गंगाने चुलीतला कोळसा आणला आणि शिळेवरच्या 'जन'च्या आधी मोठा 'इं' काढला. कुणी पुसला नाही. मी आत येऊन वही पुढून उघडली, शेवटच्या विहिरीखाली लिहिलं — आमचं रान, लिंबापाशी. किती परस ते खणून झाल्यावर लिहीन.